जगभरच्या संस्कृती शिकायच्या, पण पदवी कोणती?

पत्र

सप्रेम नमस्कार. मी मिरजेला बारावी कला शाखेत आहे. इतिहास, समाजशास्त्र, राज्यशास्त्र हे माझे विषय. सहामाहीला ७६ टक्के पडले. वेगवेगळ्या देशांतली माणसं कशी राहतात, काय मानतात, हे शिकायची मला फार ओढ आहे. कोरियन मालिका पाहते, हंगुल लिपी थोडी वाचता येते. परदेशात ‘ग्लोबल कल्चर्स’ नावाची पदवी असते असं कळलं. आपल्याकडे ती कुठे मिळेल? बाबा म्हणतात, असल्या पदवीवर नोकरी लागत नाही, बी.ए.च करायचं तर स्पर्धा परीक्षेच्या हिशोबाने कर. मामा म्हणतो, कर्ज काढू, पण परदेशीच जा. मी काय करू?
– एक विद्यार्थिनी, मिरज

उत्तर

या नावाची पदवी आपल्याकडच्या अनुदानित महाविद्यालयांच्या विषयांच्या यादीत तुला सहसा सापडणार नाही, त्यामुळे नाव शोधण्यात दिवस घालवू नकोस. परदेशात ते नाव आहे. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्वाइन इथल्या शाखेने अगदी याच नावाचं बी.ए. ठेवलं. नेदरलँड्सचं लायडन विद्यापीठ द हेग शहरात ‘इंटरनॅशनल स्टडीज’ नावाची तीन वर्षांची इंग्रजी माध्यमातली पदवी देतं. पण तिथे आत गेल्यावर काय होतं ते बघ. लायडनला आठ प्रदेशांतला एक निवडावा लागतो: आफ्रिका, पूर्व आशिया, युरोप, लॅटिन अमेरिका, मध्यपूर्व, उत्तर अमेरिका, रशिया-युरेशिया, नाहीतर दक्षिण व आग्नेय आशिया. मग त्या प्रदेशातली एक भाषा घ्यायची. पहिल्या वर्षी ६० पैकी ४५ श्रेयांक (क्रेडिट) जमले नाहीत तर अभ्यासक्रम सोडावा लागतो.

म्हणजे पाटीवर सगळं जग असलं, तरी शिकायचा असतो त्यातला एक तुकडाच, आणि ते बरोबरच आहे. तीन वर्षांत ‘जगभरच्या संस्कृती’ शिकलेल्या माणसाला सगळीकडचे सण आणि पोशाख तेवढे ठाऊक असतात. एका गल्लीतलं भांडण का झालं हे मात्र त्याला सांगता येत नाही. म्हणून तू पदवीचं नाव बाजूला ठेव आणि तीन गोष्टी जमव: एक प्रदेश, एक भाषा आणि अभ्यासाची एक पद्धत. त्या जिथे मिळतील ती तुझी पदवी.

पद्धतीपासून सुरुवात करू, कारण विद्यार्थी तिकडेच दुर्लक्ष करतात. संस्कृतीचा अभ्यास इतिहासाच्या अंगाने करता येतो, साहित्याच्या, समाजशास्त्राच्या किंवा मानवशास्त्राच्याही. तुझ्या पत्रातलं ‘माणसं कशी राहतात, काय मानतात’ हे वाक्य मानवशास्त्राचं आहे. या शास्त्रात पहिल्या वर्षी हमखास शिकवतात ते एक उदाहरण घे. पापुआ न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रिअंड बेटांवर मालिनोव्हस्की हा अभ्यासक १९१५ ते १९१८ या काळात दोन मुक्काम करून राहिला. तिथली माणसं होड्या घेऊन समुद्र ओलांडायची ती लाल शिंपल्यांच्या माळा आणि पांढऱ्या शंखांची कडी एकमेकांना द्यायला. माळा बेटांच्या वर्तुळात घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरायच्या, कडी उलट दिशेने. कुणीच ती कायमची ठेवून घ्यायचं नाही. यात कुणाला काय मिळतं, हा प्रश्न पडला की अभ्यास सुरू झाला. आता आपल्या लग्नातली आहेराची वही आठव. मांडवात एक जण कोपऱ्यात बसून नाव आणि रक्कम लिहीत असतो, आणि पाच वर्षांनी त्यांच्या घरच्या लग्नाला निघताना ती वही काढून बघितली जाते. पत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ छापूनही पाकिटं येतातच. का येतात, हे विचारणारी नजर म्हणजेच ही पद्धत. ती एकदा आली की कोरियातल्या लग्नातही चालते.

आपल्याकडे या विषयाला तोटा नाही. इरावती कर्वे मराठी वाचकाला ललित लेखनामुळे माहीत असतात, पण त्यांचा पेशा मानवशास्त्राचा. १९३९ पासून त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होत्या, आणि भारताच्या निरनिराळ्या प्रदेशांतले नात्यांचे शब्द गोळा करून त्यांनी कुटुंबरचनेचा अभ्यास केला. अडचण एवढीच की महाराष्ट्रात मानवशास्त्र मुख्यतः एम.ए.ला भेटतं. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात त्याचा स्वतंत्र विभाग आहे. डेक्कन कॉलेजात पुरातत्त्व आणि भाषाशास्त्र आहे. पदवीला तू समाजशास्त्र मुख्य विषय घेतलास तरी पुढची वाट बंद होत नाही.

आता भाषा. यात आकडे स्पष्ट असलेले बरे. अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवतं. त्यांच्या हिशोबाने इंग्रजी भाषकाला कामापुरती फ्रेंच किंवा स्पॅनिश यायला वर्गातले साधारण ६०० ते ७५० तास लागतात. जपानी, चिनी, कोरियन, अरबी यांना सुमारे २,२००. मराठी माणसाला जपानी-कोरियनमध्ये थोडी सूट मिळते: क्रियापद शेवटी येतं, आणि नामाला मागून प्रत्यय लागतात, ते आपल्या अंगवळणी असतं. पण शब्दसंग्रह शून्यापासून उभा करायचा असतो, आणि जपानीत वर २,१३६ नेहमीची कांजी चित्राक्षरं आहेत.

हंगुल वाचता येते म्हणालीस. छान, पण तिच्यावर फार विसंबू नकोस. मूळ अक्षरं फक्त २४ आहेत, आठवड्याभरात येतात. पंधराव्या शतकात ती लोकांना सहज यावी म्हणूनच घडवली होती. खरी चढण पुढे आहे. मालिकांवरून शिकणाऱ्यांची एक ठरलेली चूक होते: मालिकेतली पात्रं एकमेकांशी सलगीच्या भाषेत बोलतात, तीच तोंडात बसते. कोरियनमध्ये समोरच्याचं वय आणि मान पाहून क्रियापदाचा शेवट बदलतो. शिक्षकांशी मालिकेतलं वाक्य बोललीस, तर मुख्याध्यापकांना ‘काय रे, जेवलास का?’ विचारल्यासारखं होईल. म्हणून पहिले सहा महिने पाठ्यपुस्तक आणि शिक्षक. मालिका फक्त कान तयार करायला.

आठवड्याला दहा तास आणि वर्षाचे ४५ आठवडे धरले तर तीन वर्षांत १,३५० तास होतात. यात फ्रेंच, स्पॅनिश नीट येऊन उरतात. कोरियनमध्ये मधली पातळी गाठता येते. कोरियनची टोपिक परीक्षा सहा पातळ्यांची आहे. पदवीअखेर चौथी पातळी हे ध्येय ठेव. पाचवी-सहावी तिकडे राहिल्याशिवाय क्वचित येते. दोन भाषा एकदम सुरू करू नकोस. पहिल्या वर्षी उत्साहात फ्रेंचही, जपानीही घेणारे तिसऱ्या वर्षी दोन्हींच्या पहिल्या पातळीवर अडकलेले असतात.

कोरियनच का, असं बाबा विचारतील. रांजणगावला एलजी, माणगावजवळ विळे-भागाडला पोस्कोचं पोलाद, आणि तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना ह्युंदाईने घेतला. अशा ठिकाणी कोरियन व्यवस्थापक आणि मराठी कामगार यांच्यामधला माणूस लागतो. जपानीला चाकण परिसरात मागणी जास्त जुनी आहे, पण तिथे स्पर्धाही तेवढीच. आणि एक बाजूची सूचना: आवड अजून पक्की नसेल तर पोर्तुगीजचा विचार कर. गोवा विद्यापीठात पोर्तुगीजचा विभाग आहे, पणजीच्या पुराभिलेखागाराची परंपरा १५९५ पासूनची आहे, आणि ही एक भाषा ब्राझील, अंगोला, मोझांबिकपर्यंत नेते. फार कमी मराठी मुलं तिकडे वळतात, आणि ते आम्हाला खटकतं.

आता शिकायचं कुठे? आम्हाला तुझ्यापुढे दोन वाटा खऱ्या वाटतात.

पहिली, दिल्लीचं जवाहरलाल नेहरू विद्यापीठ (जेएनयू). तिथे कोरियन, जपानी, चिनी, फ्रेंच, स्पॅनिश, फार्सी, अरबी अशा भाषांत बी.ए. ऑनर्स आहे. भाषा शून्यापासून शिकवतात, सोबत त्या देशाचा इतिहास आणि समाज. शिकवणी शुल्क नाममात्र. खर्च होतो तो राहण्या-जेवणाचा. प्रवेश सीयूईटी या विद्यापीठ प्रवेशाच्या सामाईक परीक्षेतून. गेल्या काही वर्षांत तिचे अर्ज जानेवारी ते मार्चच्या दरम्यान निघाले आणि परीक्षा मेच्या आसपास झाली. २०२५ पासून जास्तीत जास्त पाच विषय निवडता येतात. प्रत्येकी ५० प्रश्न, ६० मिनिटं, बरोबर उत्तराला ५ गुण, चुकलं तर १ वजा. पेपर मराठीतूनही देता येतो. घोटाळा होतो तो दोन ठिकाणी. एक, अर्ज भरताना ‘आपल्याला सोपे जातील ते’ विषय निवडले जातात आणि नंतर कळतं की हव्या त्या पदवीला वेगळाच संच लागत होता. आधी विद्यापीठाची माहितीपुस्तिका उघड, त्या पदवीपुढे लिहिलेले पेपर वहीत उतरव, मगच अर्ज भर. दोन, परीक्षा एनसीईआरटीच्या अभ्यासक्रमावर असते आणि आपण राज्य मंडळाची पुस्तकं वाचलेली असतात. इतिहास आणि समाजशास्त्राची एनसीईआरटीची बारावीची पुस्तकं संकेतस्थळावर फुकट मिळतात. बोर्डाची परीक्षा संपली की सगळा वेळ त्यांना दे.

दुसरी वाट घराजवळची किंवा पुण्याची. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात सत्राला २२ श्रेयांक आहेत; तीन वर्षांचे १३२, ऑनर्ससह चार वर्षांचे १७६. यात मुख्य विषयाबरोबर एक गौण विषय आणि काही खुले विषय घेता येतात. समाजशास्त्र मुख्य, इतिहास गौण, आणि संध्याकाळी बाहेर भाषा, अशी मांडणी कर. पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटचं नाव परकीय भाषांच्या वर्गांसाठी पिढ्यान् पिढ्या घेतलं जातं; टिळक महाराष्ट्र विद्यापीठात जपानीत बी.ए. करता येतं. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठातही परकीय भाषा विभाग आहे. मात्र यादीत भाषा छापलेली असली तरी विद्यार्थी कमी पडले की वर्ग सुरू होत नाही. म्हणून ‘यंदा कोणत्या पातळीचा वर्ग नक्की चालणार आणि शिकवणार कोण’ हे फोन करून विचार, आणि मगच खोलीचं भाडं भर. खासगी विद्यापीठांत तुला हवा तसा खुला अभ्यासक्रम मिळतो, पण शुल्क वर्षाला काही लाख. शिष्यवृत्ती लेखी हातात पडल्याशिवाय तिकडे जाऊ नकोस.

क्षेत्रप्रकल्पाबद्दल, म्हणजे प्रत्यक्ष जागेवर जाऊन केलेल्या अभ्यासाबद्दल, जरा सविस्तर लिहितो, कारण नव्या अभ्यासक्रमात तो आहे आणि बहुतेक ठिकाणी तो वाया घालवतात. शंभर जणांना गूगलवर प्रश्नावली पाठवायची, गोल आलेख काढायचा, झाला प्रकल्प. अशा प्रश्नावलीत माणसं काय करतात ते कळत नाही, काय करायला हवं असं त्यांना वाटतं तेवढंच कळतं. तू तर मिरजेत राहतेस. सतार आणि तंबोरा बनवणारी गल्ली पायाखालची आहे. पंढरपूरकडचा भोपळा येतो, त्याची सतार होते आणि ती युरोप-अमेरिकेत जाते. जगाच्या संस्कृतीचा प्रकल्प याहून वेगळा काय असतो? एक कारखाना निवड. दोन महिन्यांत आठ-दहा वेळा जा, सहा ते आठ माणसांशी बोल, आणि त्यात मालकाबरोबर भोपळा कापणारा, पॉलिश करणारा आणि हिशोब लिहिणारी घरातली बाईही असू दे.

पहिल्या दोन भेटींत ध्वनिमुद्रण नको. नुसतं बस, हात कसे चालतात ते बघ. ‘तुमच्या कलेचं महत्त्व काय?’ असं विचारशील तर वर्तमानपत्रात छापून आलेलंच उत्तर मिळेल, कारण तो प्रश्न त्यांना शंभरदा विचारला गेलाय. त्याऐवजी ठोस विचार: जवारी (तारा टेकतात ती घोडी घासून सुरात गुंजन आणणं) कुणी शिकवली? परदेशी गिऱ्हाइकाने परत पाठवलेलं शेवटचं वाद्य कोणतं, आणि का? घोडीसाठी पूर्वी काय वापरायचे, आता काय? मुलगा या धंद्यात आहे का, नसेल तर कधी ठरलं? मुद्रण करायच्या आधी परवानगी मराठीत, साध्या शब्दांत घे, आणि ‘नाव छापू का?’ हे वेगळं विचार. त्याच रात्री टिपणं पूर्ण लिही. दुसऱ्या दिवशी निम्मं विसरलेलं असतं. तासाभराचं मुद्रण कागदावर उतरवायला चार ते सहा तास जातात, हे वेळापत्रकात आधीच धर. इथेच बहुतेकांचा प्रकल्प कोलमडतो आणि शेवटच्या आठवड्यात मनाने भरलेला अहवाल तयार होतो. असा एक नीट केलेला पंधरा पानांचा अहवाल इंग्रजीत केलास, तर पुढे परदेशी एम.ए.च्या अर्जाला टक्क्यांइतकाच उपयोगी पडतो.

बाबांचं म्हणणं चुकीचं नाही. या पदवीला जोडून ठरलेली नोकरी नाही. पण त्यांची वाट आणि तुझी वाट वाटतात तितक्या वेगळ्या नाहीत, हे त्यांना दाखव. संघ लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत मानवशास्त्र हा वैकल्पिक विषय आहे, दोन पेपर मिळून ५०० गुणांचा. राज्य सेवेची मुख्य परीक्षाही आता वर्णनात्मक झाली असून तिथेही वैकल्पिक विषयाचे दोन पेपर आहेत. समाजशास्त्राचंही तसंच. म्हणजे तू शिकशील ते स्पर्धा परीक्षेत वाया जाणार नाही. याखेरीज अनुवाद आणि दुभाषाचं काम, संग्रहालयं, भारतीय मानवशास्त्रीय सर्वेक्षण, कंपन्यांसाठी ग्राहकांचा अभ्यास, शाळांतून परकीय भाषा शिकवणं अशी कामं आहेत. यातली बहुतेक नुसत्या पदवीवर मिळत नाहीत. भाषेची परीक्षा किंवा एम.ए. लागतं. बाबांना तीन नाही, पाच वर्षांचा हिशोब सांग. तीन वर्षांचा सांगून नंतर दोन वाढवलेस तर घरात भांडण होईल.

मामाच्या कर्जाला मात्र आमचा साफ विरोध आहे. या विषयात पदवीसाठी कर्ज काढून जाऊ नये, कारण ते फेडण्याइतका पहिला पगार इथे सहसा नसतो. जर्मनी फुकट आहे असं कुणीतरी सांगेल. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही हे खरं (बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात सत्राला १,५०० युरो आहे). पण वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो, म्हणजे साधारण १२ लाख रुपये, आधी बंदिस्त खात्यात दाखवावे लागतात, पदवीचं शिक्षण मुख्यतः जर्मनमधून असतं, आणि नुसत्या भारतीय बारावीवर थेट प्रवेश सहसा मिळत नाही.

पूर्ण शिष्यवृत्ती मिळाली तर गोष्ट वेगळी. पदवीसाठी दोन नावं लक्षात ठेव. कोरियाची जीकेएस: पहिलं वर्ष फक्त भाषेचं, त्यात टोपिकची तिसरी पातळी गाठावी लागते, मग पदवी. तिला साधारण ८० टक्क्यांची अट असते, म्हणून सहामाहीचे ७६ बोर्डात वर न्यायचे. जपानची मेक्स्ट: महिन्याला १,१७,००० येन विद्यावेतन, पण मानव्यविद्येच्या उमेदवारालाही गणिताचा पेपर असतो, आणि कला शाखेची मुलं तिथेच गळतात. बाकी मोठ्या शिष्यवृत्त्या पदव्युत्तर शिक्षणासाठी आहेत. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती या एम.ए., पीएच.डी.साठी, ठरावीक प्रवर्गांना मिळतात, तू त्यात बसतेस का ते बघ. युरोपची एरास्मुस मुंडुस सर्वांना खुली, महिना १,४०० युरो. म्हणून मामाला सांग: कर्जाची तयारी ठेव, पण आत्ता पदवीसाठी वापरायची नाही.

आता लगेच करायचं ते असं. बोर्डाच्या अभ्यासाला धक्का न लावता रोज अर्धा तास कोरियनचं एक पाठ्यपुस्तक. जेएनयूच्या पुस्तिकेतले पेपर उतरवून ठेवणं. घराजवळच्या दोन आणि पुण्यातल्या दोन महाविद्यालयांचे विषयांचे संच मागवून घेणं; दिल्ली नाही मिळाली तर जूनमध्ये धावपळ नको. आणि दहावीची गुणपत्रिका, आधार आणि बँकेचं पासबुक समोर ठेवून नावाचं स्पेलिंग अक्षर न् अक्षर ताडून बघ. वडिलांच्या नावात एका अक्षराचा फरक निघाला तर दुरुस्तीला आठवडे लागतात, आणि सीयूईटीचा अर्ज, शिष्यवृत्ती, पारपत्र तिन्ही तिथे अडतात. दुरुस्ती झाली की लगेच पारपत्राचा अर्ज कर. जीकेएसचे अर्ज साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मागवतात. तेव्हा ते हातात असलेलं बरं.